धानाच्या बोडीत मासे आणि धुऱ्यावर बांबू: योजना कोणत्या, आणि आधी कोणती घ्यावी?

रामटेकची बांधी यांचा प्रश्न

नमस्कार. रामटेक तालुक्यात, पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या गावात आमची साडेचार एकर धानाची शेती आहे. सातबारा आईच्या नावावर असून मी नोकरीनिमित्त नागपुरात राहतो. शेताच्या वरच्या अंगाला सुमारे अर्ध्या एकराची जुनी बोडी (शेतातला लहान तलाव) आहे. पूर्वी या बोडीच्या भरवशावर खालच्या सगळ्या बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) निघायच्या. आता ती गाळाने इतकी भरली आहे की, धान निसवण्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) वेळी पावसाने दडी मारली तर एक संरक्षित पाणी देणेही तिच्याने होत नाही.

माझा विचार असा आहे की बोडीतला गाळ काढून ती खोल करावी, तिच्यात मासे सोडावेत आणि जंगलाकडच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बांबू लावावा. त्या बाजूने रोही (नीलगाय) आणि रानडुकरे येतात, त्यांचाही काही बंदोबस्त व्हावा. चौकशीला गेलो तेव्हा एका कार्यालयात महाडीबीटीवर (शासकीय अनुदानाच्या अर्जांचे संकेतस्थळ) शेततळ्याचा अर्ज करण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्या ठिकाणी मत्स्यसंपदा योजनेचे नाव सांगण्यात आले आणि तिसऱ्या ठिकाणी हे काम रोजगार हमीत बसते असे कळले. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतील, परंतु एकाच बोडीवर यांपैकी काय काय घेता येते आणि सुरुवात कोठून करावी, हे कोणीच सांगितले नाही. शिवाय घरचा बांबू तोडायला वनविभागाची परवानगी लागते का, याबद्दल गावात दोन तट आहेत. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

निवृत्त कृषी पर्यवेक्षक यांचे उत्तर

आपल्या प्रश्नातली खरी अडचण योजनांच्या तुटवड्याची नाही. प्रत्येक खाते शेताचा आपल्यापुरता तुकडा पाहते. कृषी खात्याला तळ्याचे खोदकाम दिसते, मत्स्यव्यवसाय खात्याला त्यातले पाणी दिसते आणि वनविभागाला धुऱ्यावरचे झाड दिसते. साडेचार एकर एकत्र पाहण्याचे काम शेवटी शेतकऱ्यालाच करावे लागते. म्हणून योजनेपासून सुरुवात न करता बोडीच्या कागदापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली गोष्ट अशी की, ही बोडी सातबाऱ्यावर कशी नोंदली आहे ते पाहावे. पूर्व विदर्भात अशा अनेक बोड्या पोटखराब (लागवडीस अयोग्य) क्षेत्रात टाकलेल्या असतात आणि मग प्रत्यक्षात काय आहे व कागदावर काय आहे यावरून पाहणीच्या वेळी वाद होतो. दुसरी गोष्ट आपल्याकडची खास आहे आणि ती फारसे कोणी पाहत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६५ प्रमाणे गावाचा वाजिब-उल-अर्ज असतो. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर व पाण्यावर सिंचनाचे, वहिवाटीचे आणि मासेमारीचे जे रूढ हक्क आहेत, त्यांची नोंद त्यात असते. बोडी आपली असली तरी तिच्या पाण्यावर खालच्या शेजाऱ्याचा हक्क तेथे लिहिलेला असू शकतो. मालगुजारी गेल्यानंतर मोठे तलाव, ज्यांना आपण मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतो, ते शासनाकडे गेले. खाजगी बोड्या राहिल्या, पण जुने हक्क त्यांच्याबरोबर चालत आले. पोकलेन लावण्याआधी तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात हा कागद जरूर पाहून घ्यावा.

आता अनुदानाकडे येतो. मागेल त्याला शेततळे ही योजना २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा कमाल अनुदान ५०,००० रुपये होते, पुढे ते ७५,००० रुपये करण्यात आले. हे अनुदान नव्या शेततळ्याच्या खोदकामासाठी आहे. जुन्या बोडीलाच शेततळे म्हणून दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण स्थळपाहणीत अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे घेतली जातात आणि जुनी पाळ (तळ्याचा बांध) त्यात लपत नाही. नवे तळे खोदायचे म्हटले तर धानाखालची एखादी बांधी जाईल. तेवढे क्षेत्र ई-पीक पाहणीत धान म्हणून लागणार नाही, आणि धानाच्या प्रोत्साहनपर रकमेचा हिशेब हेक्टरवर होत असल्यामुळे (२०२४-२५ च्या खरिपासाठी हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत) तेथेही थोडा फटका बसेल. जागेवर बोडी असताना नवे तळे खोदणे आपल्या बाबतीत मला पटत नाही.

गाळ काढण्याचे काम रोजगार हमीतून करता येते. अल्प व अत्यल्प भूधारकाच्या स्वतःच्या जमिनीवरील कामे त्यात बसतात. मात्र जॉब कार्ड हवे, काम ग्रामसभेने मंजूर केलेल्या आराखड्यात हवे आणि ते मजुरांकडून व्हायला हवे. यंत्राने रात्रीत गाळ उपसून नंतर मजुरांचे मस्टर (हजेरीपत्रक) भरणे, हा प्रकार कोठे कोठे चालतो. त्यात आपण पडू नये.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, महाडीबीटीवरील कोणत्याही घटकासाठी पूर्वसंमतीचे पत्र हाती येण्याआधी काम सुरू करू नये. पूर्वसंमतीपूर्वी केलेल्या खर्चाला अनुदान मिळत नाही. आईंचा शेतकरी ओळख क्रमांक काढलेला नसेल तर तो आधी काढावा. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे.

---

तलावकाठ यांचे उत्तर

मी मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद असून आमची संस्था एका मामा तलावात मासेमारी करते. कागदपत्रांबद्दल वर जे लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे. फक्त माशांच्या बाजूने काही गोष्टी जोडतो.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली आणि पुढे तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. तिच्यात गोड्या पाण्यातील नव्या संवर्धन तळ्यासाठी हेक्टरी ७ लाख रुपये आणि बीज, खाद्य इत्यादी निविष्ठांसाठी हेक्टरी ४ लाख रुपये असा प्रकल्प खर्च धरलेला आहे. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान आहे. सातबारा आईंच्या नावावर आहे, ही आपल्यासाठी जमेची बाजू आहे. अर्धा एकर म्हणजे साधारण ०.२ हेक्टर. नवे तळे असते तर १ लाख ४० हजारांच्या खर्चावर ६० टक्क्यांनी ८४,००० रुपये आणि निविष्ठांच्या ८०,००० रुपयांवर ४८,००० रुपये बसले असते. आपली बोडी नवी नाही, तेव्हा यातला कोणता घटक तिला लागू होईल हे सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या जिल्हा कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर खर्च करू नये. शिवाय हे अनुदान खर्च केल्यानंतर, पाहणी होऊन मिळते. आधी पैसा आपलाच लागतो. अर्ज आईंच्या नावाने केला तर बँक खाते, देयके आणि छायाचित्रातली उपस्थितीही त्यांचीच हवी.

आता पाण्याबद्दल लिहितो, कारण या विषयावर बोलताना लोक अनुदानावर तासभर बोलतात आणि पाण्यावर दोन मिनिटे. आपली बोडी बारमाही नाही. जुलैत भरते, ऑक्टोबरात धान निसवताना तुम्ही तिचे पाणी सोडणार आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ती तळ गाठणार. धानाला आणि माशाला पाणी एकाच वेळी हवे असते, आणि कमी पावसाच्या वर्षी तुम्ही धानाच्याच बाजूने उभे राहणार, हे उघड आहे. म्हणून गाळ काढताना संपूर्ण बोडी सारखी खोल न करता पाळीच्या बाजूचा एक कोपरा बाकीच्या तळापेक्षा चार-पाच फूट जास्त खोल ठेवावा. बांधीला पाणी दिल्यावर मासे त्या डोहात गोळा होतात, जगतात आणि पुढे काढायलाही सोपे जातात. हे एक काम नीट झाले तर बाकीचे सांभाळता येते.

अशा हंगामी पाण्यात इंचभराची बोटुकली (माशांची पिल्ले) सोडली तर ती बाजारात जाण्याजोगी होईपर्यंत पाणी संपते. मागच्या वर्षीचे, खुरटवून ठेवलेले मोठे बीज मिळाले तर तेच घ्यावे. कटला, रोहू आणि मृगळ ४०, ३० आणि ३० टक्के या प्रमाणात सोडल्यास वरच्या, मधल्या आणि तळाच्या अशा तिन्ही थरांतले खाद्य वापरले जाते. हेक्टरी ५,००० चा हिशेब धरला तर आपल्या बोडीला हजारभर बीज होते. पहिल्या वर्षी त्याहून कमीच सोडावे. बीज सोडण्याआधी हेक्टरी २०० ते २५० किलो या दराने, म्हणजे आपल्याकडे ४० ते ५० किलो चुना मारावा. खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड आणि धानाचा कोंडा सम प्रमाणात चालतो, आणि कोंडा तर तुमच्या घरचाच आहे. धानावर फवारलेल्या औषधाचे पाणी बोडीत उलटे येणार नाही हे मात्र पाहावे. तुमची बोडी बांधीच्या वर आहे म्हणून हा धोका कमी आहे. आमच्या तलावाला वरच्या शेतांचे सगळे पाणी घ्यावे लागते.

एक सावधगिरी. लवकर वाढणारा मासा म्हणून थाई मांगूरचे बीज विकणारे लोक गावोगाव फिरतात. या माशाच्या संवर्धनावर बंदी आहे आणि तो ओहोळातून बाहेर पडला तर खालच्या तलावातले देशी मासे संपवतो. ते बीज घेऊ नये. शंका असल्यास तेलंगखेडीच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात विचारावे. तेथील लोक मोकळेपणाने माहिती देतात.

---

मालकी साग यांचे उत्तर

बांबूबाबत गावातल्या दोन्ही तटांना थोडे थोडे बरोबर म्हणावे लागेल, कारण कायदा मधेच बदलला. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील झाडाच्या व्याख्येत पूर्वी बांबू होता. २०१७ च्या दुरुस्तीने तो त्या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे वनेतर जमिनीवर, म्हणजे आपल्या धुऱ्यावर लावलेला बांबू तोडायला व वाहून न्यायला या कायद्याखाली परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूला मात्र वन कायदा आजही लागू आहे. आपला धुरा जंगलाला लागून असल्याने तोडलेला बांबू रस्त्यात अडवला गेला तर तो घरचा आहे हे दाखवावे लागेल. म्हणून लावल्याबरोबर सातबाऱ्यावर त्याची नोंद करून घ्यावी आणि रोपांची पावती जपून ठेवावी.

धुऱ्यावर साग असेल तर त्याला हा नियम लावू नये. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, बीजा, हळदू ही झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत आणि स्वतःच्या शेतातले असले तरी परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. मालकी सागाची प्रकरणे सीमांकनासाठी किती रेंगाळतात, हे आमच्या भागात कोणालाही विचारावे. बांबूची ओढ वाढली त्यामागे हेही एक कारण आहे.

रोपांसाठी अटल बांबू समृद्धी योजना आहे. २०१९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा चार हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला रोपांच्या किमतीत ८० टक्के सवलत आणि त्यावरील शेतकऱ्याला ५० टक्के अशी तरतूद होती. महाराष्ट्र बांबू विकास मंडळाचे मुख्यालय नागपुरातच असल्याने आपल्याला तेथे जाऊन विचारणे सोपे आहे. जात निवडताना टिशू कल्चरच्या जाड बांबूच्या जाहिरातींना भुलू नये. आपल्याकडे मानवेल आणि काटेरी कटांग हे दोन्ही जंगलात आपोआप वाढतात. रानडुकरांना आडवे घालायचे असेल तर कटांगाची दाट रांग उपयोगी पडते, पण ती तोडायला त्रासदायक असते. विकण्यासाठी मानवेल बरा. पहिली तोड चार-पाच वर्षांनंतर, पावसाळा टाळून करावी, कारण नवे कोंब पावसाळ्यातच येतात. बोडीच्या पाळीवर बांबू लावू नये. मुळांमुळे पाळ घट्ट होते असे सांगितले जाते, परंतु जुनी मुळे कुजल्यावर त्याच वाटेने पाणी झिरपते, आणि उंदीर-घुशींना बेटाचा आसरा मिळतो तो वेगळाच.

वन्यप्राण्यांच्या नुकसानीबद्दल दोन वेगळे मार्ग आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक मार्ग वनविभागाच्या भरपाईचा आहे. त्यासाठी नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन कार्यालयात तक्रार द्यावी लागते आणि संयुक्त पंचनामा होतो. दुसरा मार्ग पीक विम्याचा. महाराष्ट्रात एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला असून शेतकऱ्याला खरिपासाठी विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागतो. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान या विम्यात खरीप २०२६ पासून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे हे राज्याने अधिसूचित करायचे आहे, आणि तक्रार ७२ तासांत अॅपवर छायाचित्रांसह द्यायची आहे. आपले गाव बफरलगत असल्याने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती मिळू शकते. तारेत थेट घरातला वीजप्रवाह सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसेही मेली आहेत, वाघही.

---

कळमेश्वरचा संत्रावाला यांचे उत्तर

माझे मत थोडे कडवट वाटेल. ही सगळी अनुदाने गोळा करेपर्यंत दोन रोवण्या (धान लावणीचे हंगाम) निघून जातील. अर्ध्या एकराच्या बोडीतला गाळ काढायला जो खर्च येतो तो किसान क्रेडिट कार्डावर भागवावा आणि मोकळे व्हावे. आमच्या भागात ठिबकचे अनुदान जमा व्हायच्या आत नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या असतात. पैसा वेळेवर मिळाला तरच त्याला मदत म्हणावे.

---

निवृत्त कृषी पर्यवेक्षक यांचे उत्तर

उशिराबद्दलची तक्रार खोटी नाही. परंतु किसान क्रेडिट कार्ड म्हणजे अनुदान नसून कर्ज आहे, आणि तेही मुख्यतः खेळत्या भांडवलाचे. गाळ काढणे हा भांडवली खर्च आहे. माशांचे बीज आणि खाद्य यांसाठी मात्र हे कार्ड योग्य आहे: २०१८-१९ पासून मत्स्यपालनालाही ही सोय लागू असून, २ लाखांपर्यंतच्या कर्जावर वेळेवर फेड केल्यास व्याज ४ टक्के पडते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे बँकेच्या शाखेत हे शेतीत बसत नाही असे कोणी म्हटले तर तो शासन निर्णय पुढे ठेवावा. गाळासाठी कर्ज काढण्याऐवजी एक साधा मार्ग सुचवतो. बोडीचा गाळ सुपीक असतो आणि शेजारच्या मुरमाड शेताच्या मालकाला तो हवा असतो. उपसा आपण करावा आणि वाहतूक त्याने करावी, असा व्यवहार आमच्याकडे अनेकांनी केला आहे. यंत्राने उपसा करून हा मार्ग घेतलात तर त्याच कामावर रोजगार हमीचा अर्ज करू नये.

---

रामटेकची बांधी यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. अभिलेख पाहून आलो. सातबाऱ्यावर बोडी पोटखराबमध्येच आहे. वाजिब-उल-अर्जात खालच्या दोन शेतांना बोडीच्या पाण्याचा हक्क नोंदलेला निघाला. मासेमारीबद्दल काही लिहिलेले नाही. त्या दोघांपैकी एक शेतकरी स्वतःचा गाळाचा वाटा उचलायला तयार आहे. दुसऱ्याला भीती अशी आहे की मासे सोडल्यावर आम्ही पाणी अडवून धरू. त्याचे समाधान कसे करावे?

---

तलावकाठ यांचे उत्तर

त्याची भीती रास्त आहे, कारण बहुतेक ठिकाणी अगदी तसेच घडते. आपण वर सांगितल्याप्रमाणे कोपऱ्यात डोह ठेवणार असाल तर पाणी सोडायचे तूम डोहाच्या तळाशी न बसवता बोडीच्या बाकीच्या तळाच्या पातळीवर बसवावे. मग तिघांनीही आपापला वाटा पूर्ण घेतला तरी डोहातले पाणी तुमाच्या खाली असल्याने तेवढे शिल्लक राहते, आणि अडवून धरण्याचा प्रश्नच येत नाही. ही पातळी गाळ काढतानाच, त्या दोघांना पाळीवर उभे करून ठरवावी आणि ग्रामपंचायतीसमोर साध्या कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज करताना हाच कागद संमतिपत्र म्हणून जोडता येईल.

---

निवृत्त कृषी पर्यवेक्षक यांचे उत्तर

याला जोडून एवढेच सुचवतो की, त्या कागदावर आईंची सही प्रथम असावी, आपली नव्हे. तुमाची पातळी लिहिताना नुसते फूट न लिहिता सांडव्याच्या माथ्यापासून किती खाली, असे लिहावे. पाळ दरवर्षी खचते, पण दगडी सांडवा सहसा हलत नाही. गाळ उन्हाळ्यातच काढावा लागेल, म्हणून आधी तो कागद आणि जिल्हा कार्यालयाला द्यायचे पत्र, ही दोन कामे होळीच्या आत उरकून घ्यावीत.